विचारण्याचा खर्च

१९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधीतरी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. वैद्यकशास्त्रात या निबंधाचे नाव झाले ते झालेच, पण शासकीय सेवांचा विचार करणाऱ्यानेही तो वाचावा असा आहे. समजा, त्या काळी आरोग्य खात्याने या गावांसाठी एक तक्रारवही ठेवली असती, तर तिच्यात स्त्रीरोगांवरच्या उपचारांबद्दल किती ओळी आल्या असत्या? बहुधा एकही नाही. जी सेवा कधी मिळालीच नाही, तिच्याविषयी गाऱ्हाणे कोण मांडणार? घरोघरच्या बाया दुखणे अंगावर काढत होत्या, आणि कोरी वही पाहून साहेबांनी शेरा मारला असता : तक्रार निरंक.

या प्रकरणातला सगळा युक्तिवाद या निरंक शेऱ्याविरुद्ध आहे. लोकांचे म्हणणे मागवण्याच्या आपल्याकडच्या बहुतेक पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात : ज्याला त्रास आहे तो बोलेल. पण बोलायला खर्च येतो. वाटखर्च, बुडालेली मजुरी, परक्या भाषेतला अर्ज, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याशीच उद्या पुन्हा पडणारे काम, हे सगळे त्या खर्चात धरावे लागते. हा खर्च नागरिकाच्या माथी राहतो तोवर हाती येणारा अभिप्राय सेवेची प्रत मोजत नाही, तो फक्त बोलणे कोणाला परवडते एवढेच मोजतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गेल्या चार दशकांत हा खर्च कधी कार्यालयाने, कधी संस्थेने, तर कधी गावाने उचलून पाहिला. जिथे तो उचलला गेला तिथे सेवेत काही हलले. जिथे तो नागरिकावरच राहिला, तिथे सभा झाल्या, इतिवृत्ते झाली आणि कागदांची भर पडली.

हा खर्च नेमका केवढा, ते नकाशावरून कळते. प्रशासन लोकांच्या जवळ यावे म्हणून २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला गेला. तरी त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर राहिले आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसे. तीन चतुर्थांश भूभाग जंगलाचा. सिरोंचा तालुक्यातल्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या घरात पडते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो आणि तहसिलीत तिसऱ्या सोमवारी. व्यवस्था म्हणून ती वाईट नाही. पण अर्ज विहित नमुन्यात हवा, आगाऊ दिलेला हवा आणि गाऱ्हाणे वैयक्तिक स्वरूपाचे हवे. रोवणीच्या दिवसांत, मोह वेचण्याच्या पंधरवड्यात किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात तो सोमवार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शिवाय ‘वैयक्तिक’ ही अट इथे विशेष आडवी येते, कारण या भागात नर्सबाई महिनोन्महिने आली नाही हे दुखणे एकट्याचे नसते. ते सगळ्या टोल्याचे असते आणि त्याची चर्चाही गाव एकत्र बसूनच करते. भाषेची गोष्ट वेगळीच : भामरागड-एटापल्लीकडे माडिया, उत्तरेला गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची बंगाली. अर्जाचा नमुना मात्र शुद्ध शासकीय मराठीत, जी चंद्रपूर शहरातल्या पदवीधरालाही दोनदा वाचावी लागते.

याहून मोठा खर्च भीतीचा आहे, आणि भीती म्हणताना बंदुकीचीच आठवण काढायला नको, जरी या भागाने तीही दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. रोजची भीती अवलंबित्वाची असते. वीस किलोमीटरच्या टापूत एकच उपकेंद्र, एकच रेशन दुकान, एकच वनरक्षक. शहरातला ग्राहक एका दुकानावर रागावून दुसऱ्यात जातो. इथे दुसरे दुकानच नाही. ज्या वनरक्षकाच्या सहीवर पिकाच्या नुकसानीचा पंचनामा ठरतो त्याच्याविरुद्ध अर्ज देणारा शेतकरी पुढच्या हंगामातल्या रानडुकरांचाही हिशेब करतो. अतिक्रमित समजली जाणारी जमीन कसणाऱ्याकडे सातबाराच नसतो, म्हणून तो भरपाईचा दावाही करत नाही, आणि जो दावाच करत नाही तो ‘प्रलंबित प्रकरणे’ या रकान्यात येत नाही. सेवा न मिळालेल्यांपैकी सर्वांत वंचित माणूस अशा रीतीने आकडेवारीतून सर्वांत आधी गळतो. तेव्हा दुर्गम तालुक्यातून तक्रारी कमी येतात हे पाहून तिथे सारे आलबेल आहे असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने आपला आकडा उलट बाजूने वाचायला हवा.

खर्च कार्यालयाने उचलणे म्हणजे काय, याचा पहिला धडा सरकारी खात्यातून आला नाही. १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना बांधण्याआधी आदिवासी गावांना विचारले की तुम्ही सरकारी रुग्णालयात का जात नाही. उत्तरे अशी आली की कोणत्याही ठरावीक प्रश्नावलीत ती बसली नसती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आम्ही तर मढ्यावर पांढरे घालतो. तिथे देव नाही. सोबतच्या नातेवाइकांना बाहेर काढतात. यातून संस्थेच्या ‘शोधग्राम’ या आवारातला दवाखाना घडला तो गोंड गावासारखा : रुग्ण आणि त्याचे घरचे एकत्र राहतील अशा झोपड्या आणि दंतेश्वरी मातेचे नाव. इथे बारकाईने पाहण्यासारखे हे की लोकांना ‘आमची सेवा तुम्हाला पाचपैकी किती गुण देण्याजोगी वाटते’ असे विचारले असते, तर त्यांनी सौजन्याने चार दिले असते आणि दवाखान्यात आले नसते. गुण मागणारा प्रश्न सेवेचा साचा आधीच ठरवून बसतो, आणि वापरणाऱ्याने त्या साच्याच्या आत राहून बरे-वाईट सांगायचे असते. ‘का येत नाही’ हा प्रश्न साचाच मोडायला परवानगी देतो. अर्थात खासगी संस्थेला हे सोपे जाते. तिला निविदा काढायच्या नसतात, इमारतीचा नमुना नकाशा मंत्रालयातून येत नसतो, आणि ऑडिटला झोपडीच्या छपराचा खुलासाही द्यावा लागत नाही. म्हणून खरी कसोटी सरकारी यंत्रणेची.

ती कसोटी महाराष्ट्रात झाली, आणि तिची हकीकत जेवढी माहीत असायला हवी तेवढी नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याच्या आराखड्यातच सेवांवर लोकांची देखरेख असावी ही तरतूद होती. २००७ मध्ये नऊ राज्यांत तिचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे जिल्हे निवडले गेले. राज्यपातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. पुढच्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत ही लोकाधारित देखरेख व नियोजन प्रक्रिया पोचली, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली होते. गडचिरोलीत कुरखेड्याची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था या कामात उतरली. पद्धत साधी होती. गावातली समिती आणि कार्यकर्ते मिळून घरोघर आणि गटागटांत विचारत : नर्सबाई येते का, गरोदर बाईचे वजन-रक्तदाब पाहते का, लसीकरण ठरल्या दिवशी होते का, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळते की बाहेरून आणायची चिठ्ठी मिळते, कोणी पैसे मागितले का. उत्तरांवरून गावाचे आरोग्य पत्रक तयार होई. चांगल्या सेवेला हिरवा, बऱ्यापैकी सेवेला पिवळा आणि वाईट सेवेला लाल रंग. वाचता न येणाऱ्यालाही भिंतीवरचे पत्रक पाहून आपल्या उपकेंद्राची प्रत कळावी ही त्यातली युक्ती.

पत्रक इथेच थांबले असते तर ती आणखी एक पाहणी ठरली असती. प्रक्रियेचा जीव पुढच्या पायरीत होता : जनसुनवाई. आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा चढत्या पातळ्यांवर लोक आपले पत्रक आणि अनुभव घेऊन बसत. समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य. उत्तर तिथेच द्यायचे. या कल्पनेचे मूळ राजस्थानात आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये भरवलेल्या पहिल्या जनसुनवाईत हजेरीपटावरची नावे मोठ्याने वाचली गेली, आणि कामावर कधी न गेलेल्यांची नावे ऐकून गाव चक्रावले. महाराष्ट्रातल्या सुनावण्यांत बेकायदा पैसे घेणे, सरकारी डॉक्टरांनी खासगी दवाखाना चालवणे, मुख्यालयी न राहणे, खर्चच न झालेला किंवा भलतीकडे गेलेला मुक्त निधी असे विषय आले. एकट्या बाईने दिलेला अर्ज दडपता येतो. पन्नास माणसांसमोर, तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत, रंगीत पत्रक हातात धरून विचारलेला प्रश्न दडपणे अवघड जाते. भीतीचा खर्च गावभर वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो, ही त्यातली खरी यंत्रणा आहे. परिणाम आकड्यांतही दिसला. पहिल्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे सव्वादोनशे गावांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवांना ‘चांगली’ हा शेरा मिळण्याचे प्रमाण २००८ च्या मध्याला ४८ टक्के होते, ते २००९ च्या अखेरीस ६६ टक्क्यांवर गेले.

आता या आकड्याकडे संशयानेही पाहिले पाहिजे. ज्यांनी सुनावण्या घेतल्या त्यांनीच गुण दिले. शेजारच्या, प्रक्रिया न झालेल्या गावांशी तुलना झाली नाही. आणि त्याच काळात अभियानाचा पैसा, औषधे, आशा कार्यकर्त्या हे सगळे नव्यानेच येत होते. मग सुधारणा देखरेखीमुळे झाली की पैशामुळे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला आफ्रिकेत जावे लागते. युगांडात २००४-०५ मध्ये ५० आरोग्य केंद्रांवर बेतलेला एक प्रयोग झाला. निम्म्या ठिकाणी लोक आणि कर्मचारी पत्रकांवरून समोरासमोर बसले, निम्म्या ठिकाणी नाही. वर्षभरात पहिल्या गटातले बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले असे अभ्यासकांनी नोंदवले, आणि जगभर या पद्धतीचा गाजावाजा झाला. दहा वर्षांनी त्याच देशात, याहून कितीतरी मोठ्या संख्येच्या, ३७६ आरोग्य केंद्रांवर तोच प्रकार पुन्हा करून पाहिला गेला. या खेपेला उपचारांची प्रत थोडी सुधारली, पण मृत्यूंत फरक पडला नाही. दोन्ही निकाल एकत्र ठेवून माझे मत असे बनते की लोकांची देखरेख ही औषधांची, डॉक्टरांची किंवा रस्त्याची जागा घेत नाही. असलेली साधने जिथे आळसाने किंवा लबाडीने वाया जातात तिथे ती काम करते. उपकेंद्रात नर्सची नेमणूक आहे पण ती येत नाही, तर जनसुनवाई तिला आणू शकते. नेमणूकच नसेल, तर जनसुनवाईत फक्त हे सिद्ध होते की तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या हाती काही नाही. भामरागडसारख्या ठिकाणी डॉक्टरांची पदे महिनोन्महिने रिकामी राहतात, आणि तेव्हा प्रश्न ज्याच्यापर्यंत पोचायला हवा तो माणूस नागपूरला किंवा मुंबईला बसलेला असतो. म्हणूनच सुनावणीच्या चढत्या पायऱ्या ही शोभा नव्हती. ज्या पातळीवर अधिकार, त्या पातळीपर्यंत प्रश्न नेणे हाच तिचा अर्थ होता, आणि वरच्या पायऱ्या ढिल्या पडल्या तिथे खालच्या सुनावण्यांतूनही लोकांचे मन उठले.

डॉक्टरमंडळींचा आक्षेप वेगळा असतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. लोकांना काय हवे ते विचाराल तर ते सलाईन मागतील, सुई मागतील. गोळी देऊन परत पाठवणारा डॉक्टर त्यांना वाईट वाटेल, आणि गरज नसताना बाटली लावणारा झोलाछाप देवमाणूस वाटेल. हे खोटे नाही. विदर्भातल्या कोणत्याही आठवडी बाजाराच्या गावी त्याचा पडताळा येतो. पण त्यातून निष्कर्ष काढायचा तो असा की विचारण्याआधी माहिती द्यावी लागते. देखरेखीच्या प्रक्रियेत गावांना आधी सांगितले गेले की आरोग्य केंद्रात कोणत्या सेवा मिळायला हव्यात, कोणती औषधे असायला हवीत, कशाला पैसे लागत नाहीत आणि अनावश्यक सुई-सलाईनने काय होते. हक्काची यादी हातात असलेला माणूस ‘डॉक्टर चांगला वागला नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘सर्पदंशाची लस केंद्रात नव्हती’ असे सांगतो. आवडनिवड आणि पुरावा यांतला फरक इथे पडतो, आणि तो पाडण्याचा खर्चही विचारणाऱ्याचाच आहे.

तिसरा आक्षेप जास्त अवघड : बोलतो तो गाव कशावरून? सभेत पाटलाचा मुलगा बोलतो, पक्षाचा कार्यकर्ता बोलतो, आणि कोपऱ्यातल्या बाया पदर सावरून बसतात. चंद्रपूरच्या दारूबंदीने हा पेच उघड्यावर आणला. बायकांच्या दीर्घ आंदोलनानंतर, पाचशेंहून अधिक ग्रामपंचायतींच्या ठरावांच्या पाठबळावर, १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. २०२० मध्ये बंदीचा आढावा घेण्यासाठी जिल्हा प्रशासनाने लोकांची निवेदने मागवली, तेव्हा ती अडीच लाखांवर आली आणि त्यांतली बहुतांश बंदी उठवावी असे म्हणणारी होती. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवली. बंदी बरी की वाईट हा या प्रकरणाचा विषय नव्हे. अवैध दारूचा सुळसुळाट झाला होता हे बंदीचे समर्थकही मान्य करत. विषय असा की एकाच जिल्ह्यात पाच-सहा वर्षांच्या अंतराने दोन ‘लोकमते’ नोंदली गेली आणि ती एकमेकांविरुद्ध उभी राहिली. ठराव बैठकीत, एकमेकांच्या देखत झाले, तर निवेदने एकेकट्याची, गठ्ठ्याने. पहिल्या पद्धतीत दारूच्या दुकानाशी संबंध असलेल्याला बोलायला संकोच वाटतो. दुसऱ्या पद्धतीत जिला नवऱ्याने मारले तिला निवेदन लिहून पाठवणे सुचतही नाही, तर धंद्यात हितसंबंध असलेल्याला ते गोळा करायला माणसे मिळतात. कोणत्याही पद्धतीत कोणाचा तरी आवाज स्वस्त होतो आणि कोणाचा तरी महाग. म्हणून डोकी मोजून मिळालेला आकडा जाहीर करण्याआधी प्रशासनाने निदान एवढे सांगावे की हे मत देण्यासाठी कोणाला काय करावे लागले होते.

बोलण्याचा खर्च मुद्दाम वाढवता येतो, हेही इथेच दिसले. पर्यावरणविषयक २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाची जाहीर सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या निकट घ्यायची असते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखाणीची उत्पादनक्षमता वाढवण्यासाठीची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात. खाणीच्या आसपासच्या गावांना ती शंभर किलोमीटरहून दूर पडली. सुरक्षेचे कारण पुढे करता येते, आणि त्या टापूत ते अगदीच पोकळ नाही. पण जिथे खनिजाचे ट्रक रोज जाऊ-येऊ शकतात तिथे अधिकाऱ्यांची एक गाडी एक दिवस जाऊ शकत नाही, हे पटवून देणे कठीण आहे. सुनावणी कायदेशीर झाली असेलही. तरी आरोग्याच्या जनसुनवाईशी तिची तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. एकीत कार्यालय गावाकडे गेले होते, दुसरीत गावाला कार्यालयाकडे यावे लागले, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचे मौन इतिवृत्तात हरकत नसल्यासारखे वाचले जाते. हेच तत्त्व उलट बाजूने वापरले तर काय होते, ते २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बॉक्साइट खाणीचा प्रश्न डोंगरावरच्या बारा ग्रामसभांपुढे गेला. न्यायाधीश त्या पाड्यांवर गेले, आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला.

गावाच्या मताचा कस कसा वाढवायचा, याचे उत्तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने शोधले आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा सर्वांना माहीत असते. तिच्यामागची रचना फार थोड्यांना माहीत असते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे दोन वेगळ्या बैठका रूढ झाल्या. अभ्यास गटात बाहेरचे जाणकार, अधिकारी, हवे तितके वाद. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा. बहुमताने चटकन निकाल लावायची सवय असलेल्यांना हे वेळखाऊ वाटते, आणि ते वेळखाऊ आहेच. पण त्यामुळे कोपऱ्यातल्या बाईच्या मौनाची दखल घेणे भाग पडते, आणि गावाबाहेर जाणारे म्हणणे अभ्यास करून गेलेले असते. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने वनखाते देईना, कारण बांबू हे गौण वनोपज मानायला खाते तयार नव्हते. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट उल्लेख होता, आणि गावाला ते कलम ठाऊक होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक गावातच ग्रामसभेच्या हाती आले. ‘वनखाते त्रास देते’ या गाऱ्हाण्यावर हे घडले नसते. खात्याचा कोणता नियम कायद्याच्या कोणत्या कलमाशी जुळत नाही, इतके नेमके म्हणणे असल्यामुळे ते मंत्रालयापर्यंत टिकले.

बोलण्याच्या खर्चावर हल्लीचे उत्तर तयार असते : मोबाइल द्या, पोर्टल करा, अंतराचा प्रश्नच मिटेल. राज्याचे ‘आपले सरकार’ २०१५ पासून आहे. त्याच वर्षीच्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली, तीन अपिले दिली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. पण पोर्टल वाटखर्च वाचवते, भीती आणि भाषा जागच्या जागी ठेवते. शिवाय अर्जदाराचे नाव आणि क्रमांक मागून ती तक्रार बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पाठवली जाते. सीमेपलीकडे छत्तीसगढमध्ये २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने साध्या फोनवरून बोलून, गोंडीतही, गाऱ्हाणे नोंदवण्याची सोय केली. तिच्याकडून शिकायचे ते यंत्राबद्दल कमी आणि पुढच्या कामाबद्दल जास्त आहे. नोंदवलेले बोलणे ऐकून पडताळणारी माणसे तिथे होती, संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांक जाहीर होई, आणि काम झाले की तेही सांगितले जाई. पैसा लागतो तो त्या माणसांना.

म्हणजे गोष्ट शेवटी पैशावर येते, आणि या क्षेत्रातले सर्वांत कमी बोलले जाणारे दुखणे तिथेच आहे. आरोग्य सेवांवरच्या देखरेखीला निधी मिळायचा तो आरोग्य अभियानातूनच, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच तिजोरीतून. तिजोरीने हात आखडला की सुनावणी लांबते, आणि त्यासाठी कोणाला उघड नकारही द्यावा लागत नाही. रोजगार हमीच्या बाबतीत यावर तोडगा निघाला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने सामाजिक अंकेक्षण सक्तीचे केले, २०११ च्या नियमांनी ते करणारा कक्ष योजना राबवणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र ठेवला, आणि योजनेवरच्या खर्चाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची रक्कम त्यासाठी वेगळी मिळू लागली. अंमलबजावणीत राज्याराज्यांत तफावत राहिली. तरी तत्त्व ठरले होते की विचारण्याचा खर्च हा सेवेच्या खर्चाचाच भाग आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत असा पैसा शोधायला लांब जावे लागत नाही. कोळसा आणि लोखंड यांच्या स्वामित्वधनाशी जोडलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी दोन्ही जिल्ह्यांत आहे, आणि आरोग्य, पाणी, शिक्षण हे त्याचे अग्रक्रमाचे विषयही आहेत. त्यातला अर्धा टक्का खाणींच्या टापूतल्या ग्रामसभांकडे, कोणत्याही खात्याच्या हाताखाली न जाता, देखरेखीसाठी द्यायला काय हरकत आहे? त्यातून पहिल्या वर्षी फारसे काही करायला नको. आरोग्य पत्रकातले प्रश्न माडिया, गोंडी आणि तेलुगूत करून घ्यावेत, तेंदूपत्ता आणि रोवणी टाळून सुनावणीच्या तारखा ठराव्यात, आणि त्या दिवशी येऊन बसणाऱ्या प्रत्येक बाईला दिवसाची मजुरी द्यावी. अधिकाऱ्याला त्या बैठकीचा प्रवासभत्ता आजही मिळतोच.